निनाद घडवताना: मोफत सॉफ्टवेअरवर गिटारसाठी अँबियंट रिव्हर्ब कसा तयार करावा

शालेय विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रतिध्वनी’ आणि ‘निनाद’ हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. २२ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला ३४४ मीटर जातो, आणि ऐकलेल्या आवाजाची छाप आपल्या मनात सुमारे ०.१ सेकंद टिकते. त्यामुळे मूळ आवाज आणि त्याचे परावर्तन वेगवेगळे ऐकू यायचे असेल, तर समोरची भिंत किमान १७.२ मीटर दूर असावी लागते. भिंती त्यापेक्षा जवळ असल्या, किंवा परावर्तने असंख्य दिशांनी आणि दाटीने आली, की ती सुटी ऐकू येत नाहीत. ती एकमेकांत मिसळून मूळ आवाजामागे एक लांबत जाणारी शेपटी तयार करतात, आणि हीच शेपटी म्हणजे निनाद. ध्वनिमुद्रण करणारी मंडळी त्याला रिव्हर्ब म्हणतात.

गिटारची छेडलेली तार फार काळ वाजत नाही. नखाचा किंवा पिकचा आघात होतो, स्वर उमलतो आणि काही सेकंदांत ओसरतो. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ साली ‘अँबियंट’ हे नाव रूढ केले त्या धाटणीच्या संगीतात मात्र आघातापेक्षा ओसरण्याला महत्त्व आहे, आणि तिथे रिव्हर्ब हा सजावटीचा भाग न राहता वाद्याचाच अर्धा भाग बनतो. या लेखातील सर्व कृतींसाठी एकही रुपया खर्च करावा लागत नाही. एक साधा संगणक, बऱ्यापैकी हेडफोन, गिटार आणि ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रण व संपादनाचे मुक्त सॉफ्टवेअर एवढी सामग्री पुरते. ऑडॅसिटीची ३.२ किंवा त्यानंतरची ३ क्रमांकाची आवृत्ती घ्यावी, कारण २०२२ साली आलेल्या ३.२ पासून आवाज वाजत असतानाच इफेक्ट बदलून ऐकण्याची सोय झाली. मेनूंची मांडणी आवृत्तीनुसार थोडी इकडेतिकडे असू शकते.

पुढचे सर्व काम एका गोष्टीवर उभे आहे, म्हणून ती आधीच सांगतो. कोरडा आवाज आणि निनाद यांना कधीही एकाच ट्रॅकवर ठेवू नये. नवशिका गिटारवादक सहसा मुद्रित ट्रॅकवर रिव्हर्ब लावतो, तो पुरेसा वाटला नाही म्हणून वाढवतो, आणि शेवटी हाती गढूळ पाण्यासारखा आवाज येतो. निनाद वेगळ्या ट्रॅकवर असेल, तर त्याचा खर्ज कापता येतो, त्याची सुरुवात मऊ करता येते, तो उलटा फिरवता येतो आणि हवा तेवढाच मिसळता येतो. या सगळ्यात मूळ वादनाला धक्काही लागत नाही.

वादन आणि मुद्रण

इलेक्ट्रिक गिटार असेल, तर ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे वाद्य संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या, गिटारसाठी राखलेल्या इनपुटमध्ये केबल जोडावी. अकूस्टिक गिटार असेल आणि इंटरफेस नसेल, तर मोबाइलमधील रेकॉर्डरही चालतो. फोन बाराव्या पडद्यासमोर साधारण ३० सेंटीमीटरवर ठेवावा आणि पंखा बंद करावा. लांब रिव्हर्ब प्रत्येक आवाज ताणून मोठा करतो, त्यामुळे स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी कोरड्या मुद्रणात क्षणभर खटकून विरून जाते, पण दहा सेकंदांच्या निनादात ती दहा सेकंद रेंगाळते. मुद्रणाची पातळी दर्शकावर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी ठेवावी. नमुना दर (आवाजाचे सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झ यांपैकी कोणताही ठेवावा, मात्र एका प्रकल्पात तो मध्येच बदलू नये.

वाजवण्यापूर्वी आणि वाजवल्यानंतर आठ-दहा सेकंद स्तब्ध बसावे. या शांततेचे तीन उपयोग आहेत. सुरुवातीच्या शांततेतील दोन सेकंद निवडून ‘नॉइज रिडक्शन’ या इफेक्टला खोलीच्या खरखरीचा नमुना देता येतो, आणि मग संपूर्ण ट्रॅक निवडून ती खरखर ६ ते ९ डेसिबलने खाली आणता येते. त्याहून जास्त काढायला गेल्यास तारेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शेवटच्या शांततेत निनादाच्या शेपटीला जागा मिळते, कारण ऑडॅसिटी निवडलेल्या भागाच्या पलीकडे शेपटी लांबवत नाही. निवड जिथे संपते तिथे निनादही कात्रीने कापल्यासारखा तुटतो. सुरुवातीच्या शांततेचा आणखी एक उपयोग उलट्या निनादासाठी होतो, तो पुढे येईल. मुद्रण आधीच झालेले असेल आणि त्यात शांतता नसेल, तर ‘जनरेट’ मेनूतील ‘सायलेन्स’ने ती दोन्ही टोकांना भरता येते.

आता काय वाजवावे हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते तो सॉफ्टवेअरमधील फिरवायच्या कोणत्याही चकतीपेक्षा (नॉबपेक्षा) महत्त्वाचा आहे. लांब निनादात मागचा स्वर संपण्याआधी पुढचा येतो, म्हणजे जे स्वर एकामागून एक वाजवले ते प्रत्यक्षात एकाच वेळी ऐकू येतात. त्यांच्यात अर्ध्या स्वराचे अंतर असेल, तर शेपट्या एकमेकींवर घासतात. आपल्याकडे या अडचणीचे फार सुंदर उत्तर तयार आहे. भूप रागात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर आहेत आणि त्यांतील कोणत्याही दोन स्वरांत अर्ध्या स्वराचे अंतर नाही. ते पाचही एकत्र रेंगाळले तरी कानाला बोचत नाहीत. गिटारवर जी हा षड्ज धरला, तर जी, ए, बी, डी आणि ई हे स्वर मिळतात, आणि त्यांतील चार स्वर, म्हणजे जी, बी, डी आणि ई, मोकळ्या तारांवरच आहेत. पाचवा, ए, हाही मोकळ्या पाचव्या तारेवर सापडतो. म्हणजे गिटारच्या सहाही मोकळ्या तारा जी षड्जाच्या भूपात बसतात. पहिल्या प्रयोगासाठी याहून सोयीची सामग्री शोधूनही सापडणार नाही. सहा-सात सेकंदांना एक स्वर, मधूनच बाराव्या किंवा सातव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्श करून काढलेला घंटेसारखा स्वर), एवढेच वाजवावे. तेवढ्या संथ वादनाने वाजवताना अस्वस्थ वाटते, परंतु निनाद चढल्यावर तीच गती भरलेली वाटू लागते.

कॉर्ड वाजवायच्या असतील, तर सामाईक स्वर असलेल्या निवडाव्यात. ई मायनर, सी मेजर सेव्हन आणि जी मेजर या तिन्हींत जी आणि बी हे स्वर आहेत, त्यामुळे एकीची शेपटी दुसरीच्या पोटात सहज सामावते.

ट्रॅकची तयारी

मुद्रण समाधानकारक झाले, की प्रकल्प जतन करावा आणि त्याची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. ऑडॅसिटीतील ‘अनडू’चा इतिहास प्रकल्प बंद केल्यावर नाहीसा होतो. माझे एक मनापासून वाजलेले मुद्रण असेच गेले: त्यावर रिव्हर्ब लागू केला, जतन केले, संगणक बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या वादनाचे कोरडे रूप कुठेच उरले नव्हते. तेव्हापासून मूळ ट्रॅकला मी हात लावत नाही.

गिटार सहसा मोनोमध्ये मुद्रित होते, आणि ऑडॅसिटीच्या रिव्हर्बमधील ‘स्टिरिओ विड्थ’ ही सोय केवळ स्टिरिओ ट्रॅकवर चालते. मोनो ट्रॅकवर कितीही मोठा रिव्हर्ब लावला, तरी तो समोरच्या एका बिंदूतून येतो आणि दोन्ही कानांभोवती पसरत नाही. म्हणून मूळ ट्रॅक निवडून कंट्रोल आणि डी या कळांनी त्याच्या दोन प्रती कराव्यात. एकाखाली एक असलेल्या या दोन प्रतींपैकी वरच्या प्रतीच्या नावाजवळील मेनू उघडून ‘मेक स्टिरिओ ट्रॅक’ निवडावे. आता वर मूळ मोनो ट्रॅक आणि खाली एक स्टिरिओ ट्रॅक उरतो. वरच्याला ‘कोरडा’ आणि खालच्याला ‘निनाद’ असे नाव द्यावे; पुढे ट्रॅकची संख्या वाढते आणि नावे नसली की गोंधळ होतो.

निनादाच्या ट्रॅकवर रिव्हर्ब लावण्याआधी दोन फिल्टर लावावेत. गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, आणि तिचा निनाद साचत गेला की बाकी सगळे स्वर त्याखाली दबतात. ‘हाय-पास फिल्टर’ १८० हर्ट्झवर, अष्टकाला १२ डेसिबल उताराने लावल्यास खर्ज कोरड्या ट्रॅकवर शाबूत राहतो आणि निनादातून मात्र निघून जातो. त्याचप्रमाणे ‘लो-पास फिल्टर’ ५,००० हर्ट्झच्या आसपास लावल्यास तारेवरून बोट सरकतानाचा चीत्कार निनादात पसरत नाही. खोली जितकी मोठी तितके तीव्र कंप हवेत आणि भिंतींत लवकर विरतात, त्यामुळे हे कापणे कानाला नैसर्गिकच वाटते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मला ती फार मोलाची वाटते. निनादाच्या ट्रॅकवर प्रत्येक स्वराचा पहिला ३००-४०० मिलिसेकंदांचा भाग निवडून त्यावर ‘फेड इन’ लावावा. त्याने पिकचा आघात निनादात जातच नाही. कोरड्या ट्रॅकवर तार छेडल्याचे स्पष्ट ऐकू येते, आणि तिच्यामागून निनाद मात्र कुठे सुरू झाला हे न कळता वर येतो. तानपुरा जसा गायकाच्या मागे केव्हा झंकारू लागला हे ध्यानात येत नाही आणि तरी त्याच्याशिवाय षड्ज उघडा पडतो, तसे हे नाते जुळते. पन्नास स्वर असतील, तर पन्नास वेळा हे करावे लागते हे खरे. संथ वादनाचा इथे पुन्हा फायदा होतो.

ऑडॅसिटीचा स्वतःचा रिव्हर्ब

निनादाचा पूर्ण ट्रॅक शांततेसह निवडून ‘इफेक्ट’ मेनूतील ‘डिले अँड रिव्हर्ब’ गटातून ‘रिव्हर्ब’ उघडावा. सर्वांत आधी तळाशी असलेल्या ‘वेट ओन्ली’ या चौकटीत खूण करावी, म्हणजे या ट्रॅकमधून कोरडा आवाज पूर्णपणे जाईल. त्यानंतर ‘रूम साइज’ ९० ते १०० टक्के, ‘रिव्हर्बरन्स’ ८० ते ९० टक्के, ‘डॅम्पिंग’ सुमारे ६० टक्के आणि ‘स्टिरिओ विड्थ’ १०० टक्के ठेवावे. रूम साइजने जागेचा आकार ठरतो, रिव्हर्बरन्सने शेपटीची लांबी ठरते आणि डॅम्पिंग वाढवले की शेपटीतील तीव्र कंप लवकर मावळतात.

‘प्री-डिले’ म्हणजे मूळ स्वर आणि निनादाची सुरुवात यांच्यातील अवधी. एका मिलिसेकंदात ध्वनी साधारण ३४ सेंटीमीटर जातो, त्यामुळे ४० मिलिसेकंदांचा प्री-डिले म्हणजे परावर्तित आवाजाने जवळजवळ १४ मीटर जास्त प्रवास केला असा अर्थ होतो. हा आकडा लहान असेल, तर निनाद गिटारला चिकटतो आणि गिटार दूर गेल्यासारखी वाटते. ४० ते ६० मिलिसेकंद ठेवल्यास गिटार जवळ राहते आणि तिच्यामागची जागा मोठी होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात टाळी वाजवून हा फरक प्रत्यक्ष अनुभवता येतो: कमानदार छताखाली मधोमध उभे राहिल्यावरचा निनाद आणि खांबांच्या मागे भिंतीलगत उभे राहिल्यावरचा निनाद हे अगदी वेगळे ऐकू येतात. कान तयार करण्यासाठी अशी एक फेरी जरूर करावी.

या रिव्हर्बची मर्यादाही ठाऊक असावी. तो फ्रीव्हर्ब या जुन्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या पद्धतीवर आधारलेला आहे. तिच्यात आवाज ठरावीक लांबीच्या आठ समांतर विलंबांतून फिरतो आणि मग चार फिल्टरांतून विस्कटला जातो. विलंबांच्या लांबी स्थिर असल्यामुळे फार लांब शेपटीत पत्र्यासारखा बारीक नाद ऐकू येऊ लागतो. त्यावर सोपा उपाय असा, की रिव्हर्ब एकदाच टोकाचा न लावता दोनदा बेताचा लावावा. पहिल्यांदा रिव्हर्बरन्स ७० टक्के, आणि त्याच ट्रॅकवर पुन्हा रूम साइज ६० आणि रिव्हर्बरन्स ५० टक्के. दुसऱ्या फेरीत पहिलीच्या कडा बोथट होतात.

मोफत प्लगइन

ही मर्यादा खरोखर ओलांडायची असेल, तर व्हालहाला कंपनीचे सुपरमॅसिव्ह हे २०२० साली आलेले प्लगइन (ऑडॅसिटीला जोडता येणारे वेगळे इफेक्ट-सॉफ्टवेअर) विंडोज आणि मॅकवर मोफत मिळते. ते कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब हे मुक्त प्लगइन उत्तम आहे, आणि ते इतर प्रणालींवरही चालते. प्लगइन बसवल्यावर ऑडॅसिटी पुन्हा सुरू करावी, निनादाच्या ट्रॅकवरील ‘इफेक्ट्स’ हे बटण दाबावे आणि यादीतून ते निवडावे. असा इफेक्ट ट्रॅकमधील मूळ माहिती बदलत नाही. केव्हाही काढता येतो.

सुपरमॅसिव्हमध्ये ‘मिक्स’ १०० टक्के ठेवावे, कारण कोरडा आवाज वरच्या ट्रॅकवर आहेच. शेपटी हळू चढावी आणि फार लांब जावी असे वाटत असेल, तर ‘अँड्रोमेडा’ हा प्रकार घ्यावा. स्वर लगेच पकडला जाऊन लवकर ओसरावा असे वाटत असेल, तर ‘जेमिनी’ घ्यावा. ‘डिले’ ३०० ते ५०० मिलिसेकंद आणि ‘फीडबॅक’ (आवाज किती प्रमाणात पुन्हा फिरवायचा ते) ६० टक्क्यांपासून सुरू करून ऐकत ऐकत वाढवावा. ‘वॉर्प’ शून्यावर असेल, तर सगळे विलंब एकसारखे राहतात आणि ठरावीक अंतराने प्रतिध्वनी ऐकू येतात. तो वाढवला की विलंबांच्या लांबी वेगवेगळ्या होतात आणि प्रतिध्वनींचा निनाद बनतो. सुरुवातीला सांगितलेली शाळेतील ती सीमारेषा इथे एका चकतीवर फिरवून ऐकता येते. ‘मॉड्युलेशन’चा (स्वराच्या सूक्ष्म डुलण्याचा) वेग ०.२ ते ०.५ हर्ट्झ आणि त्याची खोली (‘डेप्थ’) २०-३० टक्के ठेवली, तर शेपटी किंचित हलती राहते आणि तो पत्र्याचा नाद येत नाही. ही ‘डेप्थ’ फार वाढवल्यास स्वर बेसूर डुलतात. षड्ज ढळू लागला की परत मागे यावे.

ड्रॅगनफ्लायच्या ‘हॉल’ प्रकारात ‘ड्राय लेव्हल’ शून्य करावे, ‘डिके’ ६ ते ८ सेकंद ठेवावा आणि ‘लो मल्ट’ एकाच्या खाली आणावा, म्हणजे खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा लवकर विरतो.

शिमर आणि उलटा निनाद

निनादात एक सप्तक वरचा झळाळ मिसळण्याला शिमर म्हणतात. त्यासाठी फिल्टर लावण्यापूर्वीच्या स्टिरिओ ट्रॅकची आणखी एक प्रत घ्यावी, ‘पिच अँड टेंपो’ गटातील ‘चेंज पिच’ उघडून १२ सेमीटोन वर न्यावे आणि उच्च दर्जाच्या ताणण्याच्या पर्यायावर खूण करावी. मग त्यावर ‘वेट ओन्ली’, लांब रिव्हर्ब लावून त्याची पातळी मुख्य निनादापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली ठेवावी. झळाळ वेगळा ऐकू आला तर तो जास्त झाला असे समजावे; बंद केल्यावर काहीतरी हरवले असे वाटले, तर तो बरोबर आहे. काही जण १२ ऐवजी ७ सेमीटोन वर जातात, म्हणजे पंचम घेतात. भूपाच्या स्वरांत हे करू नये, कारण गंधाराचा पंचम म्हणजे शुद्ध निषाद, आणि तो षड्जाच्या शेपटीला अर्ध्या स्वरावर जाऊन भिडतो.

उलट्या निनादात शेपटी स्वराच्या आधी येते, जणू स्वर दुरून चालत येऊन प्रकट होतो. एक नवी स्टिरिओ प्रत पूर्ण निवडून ‘रिव्हर्स’ करावी, तिच्यावर ‘वेट ओन्ली’ रिव्हर्ब प्री-डिले शून्य ठेवून लावावा आणि पुन्हा ‘रिव्हर्स’ करावी. मुद्रणाच्या सुरुवातीची शांतता इथे कामी येते: ट्रॅक उलटल्यावर ती शेवटी जाते आणि पहिल्या स्वराच्या शेपटीला तीच जागा देते. ही प्रत संपूर्ण रचनेवर चालू ठेवली तर परिणाम बोथट होतो, म्हणून महत्त्वाच्या दोन-तीन स्वरांपुरतीच ठेवावी आणि बाकीची पुसावी.

‘पॉलस्ट्रेच’ हा इफेक्टही एकदा करून पाहावा. पाच सेकंदांची एक कॉर्ड ८ पट ताणल्यास चाळीस सेकंदांचा, स्वर न उतरता केवळ पसरलेला पडदा मिळतो.

मिश्रण आणि निर्यात

आता सगळे ट्रॅक एकत्र वाजवावेत. कोरडा ट्रॅक मधोमध ठेवून निनाद प्रथम पूर्ण खाली आणावा आणि हळूहळू वर न्यावा. अँबियंट रचनेत तो कोरड्याच्या बरोबरीने किंवा ४-६ डेसिबल खाली चांगला बसतो. तरी निर्णय कानांनी करावा, आणि तोही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐकून. रात्री बराच वेळ हेडफोन लावून बसल्यावर कान निनादाला सरावतात आणि तो कमीच वाटत राहतो. एकूण दर्शक लाल होत असेल, तर सगळे ट्रॅक सारख्याच प्रमाणात खाली घ्यावेत.

निर्यातीपूर्वी एकदा फोनच्या स्पीकरवरही ऐकावे, कारण तिथे डावे-उजवे जवळजवळ एकच होते आणि फार रुंद निनाद पातळ पडलेला कळतो. तसे झाल्यास स्टिरिओ विड्थ ७०-८० टक्क्यांवर आणावी. फाइल २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात घ्यावी. शेवटच्या स्वरानंतर निनाद ऐकू येईनासा झाल्यावरही दोन सेकंद तसेच ठेवून मगच ट्रॅक कापावा, आणि त्या शेवटच्या भागावर लांब ‘फेड आउट’ द्यावा, म्हणजे मागची उरलीसुरली खरखरही निनादाबरोबरच विरून जाते.